22क्यू डिलीशन: फाइलच्या पहिल्या पानावर काय हवं

बाळ दूध पितं आणि ते नाकातून बाहेर येतं. छातीत मर्मर ऐकू येते म्हणून इको होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी आकडी येते. पुढे कान सारखे भरतात, पोट साफ होत नाही, दोन वर्षांचं झालं तरी शब्द फुटत नाही. प्रत्येक तक्रारीचा डॉक्टर वेगळा आणि प्रत्येकाची चिठ्ठीही वेगळी. या सगळ्याच्या मुळाशी 22व्या गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा गायब आहे, हे कुणाला आठवड्यात कळतं, कुणाला मूल शाळेत जायला लागल्यावर, आणि काहींना तर स्वतःच्या बाळाची तपासणी होते तेव्हा स्वतःबद्दल कळतं.

22क्यू11.2 डिलीशन सिंड्रोम हे त्याचं आजचं नाव. 22 हा गुणसूत्राचा क्रमांक, क्यू म्हणजे त्याची लांब भुजा, 11.2 हा त्या भुजेवरचा पत्ता. जुन्या कागदांवर हाच आजार भलत्याच नावांनी भेटतो, आणि त्या नावांचा इतिहासच या आजाराची अडचण सांगतो. 1955 साली प्रागमध्ये आवाज आणि वाचेच्या डॉक्टर एवा सेडलाच्कोव्हा यांनी आखूड टाळूची, गेंगाणं बोलणारी मुलं टिपली. 1965 साली अँजेलो डायजॉर्ज या ग्रंथीतज्ज्ञाला थायमस आणि पॅराथायरॉइड या ग्रंथी नसलेली बाळं दिसली. 1978 साली रॉबर्ट शप्रिंट्झेन या वाचातज्ज्ञाने टाळू, हृदय आणि चेहरा यांची सांगड घातली. ज्याच्या खोलीत मूल गेलं, त्याला आजाराची तेवढीच बाजू दिसली. हे सगळे एकाच गल्लीतले रहिवासी आहेत हे 1990च्या दशकात, तुटलेला तुकडा प्रत्यक्ष दिसायला लागल्यावर पक्कं झालं.

आजही तेच चालतं, आणि माझा सगळा रोख त्यावर आहे. या मुलांचं नुकसान अडाणी डॉक्टर क्वचितच करतो. आपल्या विषयात तरबेज असलेला माणूस इतर मुलांना करतो तेच या मुलालाही करतो आणि तिथे फसतो. आकडीवर आकडीचंच औषध, गेंगाण्या मुलाचे अडेनॉइड (नाकामागची गाठ) काढणं, ऑपरेशनला नेहमीची रक्ताची पिशवी. तिन्ही ठिकाणी '22क्यू' हा एक शब्द वेळेवर समोर असता तर निर्णय बदलला असता.

तुकडा गळतो कसा

पोथी नकलून काढणाऱ्याची एक ठरलेली चूक असते. पानावर दोन ओळींचा शेवट सारखाच असेल तर पहिली ओळ लिहून झाल्यावर त्याची नजर दुसरीवर पडते आणि मधला मजकूर राहून जातो. 22व्या गुणसूत्रावर या जागी एकमेकांशी जवळजवळ तंतोतंत जुळणारे चार पट्टे आहेत. त्यांना ए, बी, सी, डी म्हणतात. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या शेजारी येतात. त्या वेळी एकाचा ए दुसऱ्याच्या डीशी जुळला की मधला भाग गळतो. बहुतेक मुलांत ए ते डी असा पंचवीस ते तीस लाख अक्षरांचा, चाळीस-पन्नास जनुकांचा तुकडा जातो. थोड्या मुलांत ए ते बी, म्हणजे साधारण अर्धा. गंमत अशी की तुकडा लहान म्हणून त्रास कमी असं होत नाही. एकाच घरात, तोच तुकडा गेलेल्या दोन माणसांत एकाचं हृदय जन्मतः सदोष असतं आणि दुसऱ्याला फक्त कोवळ्या वयात शब्द उशिरा फुटलेले असतात.

दर दोन ते चार हजार जन्मांमागे एक मूल, असं याचं प्रमाण धरतात. दहापैकी नऊ मुलांत ही चूक नव्याने झालेली असते. आईवडिलांच्या गुणसूत्रांत काही नसतं. गरोदरपणात काय खाल्लं, कुठे गेलात, कोणतं औषध घेतलं याचा त्याच्याशी संबंध नाही. उरलेल्या एकात आई किंवा वडील यांच्याकडून ती आलेली असते, आणि बहुतेकदा त्यांना स्वतःला ते माहीत नसतं. म्हणून मुलाचा रिपोर्ट आला की दोघांचीही तपासणी करायची. दोघांची स्वच्छ निघाली तर पुढच्या बाळाला धोका सुमारे एक टक्का. एकाला असेल तर प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता. आणि त्या पालकाचं स्वतःचं कॅल्शियम, थायरॉइड आणि हृदयही एकदा बघून घ्यायचं, हे हमखास राहून जातं.

साध्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे गुणसूत्रांच्या नेहमीच्या तपासणीत, हा तुकडा दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पन्नास-एक लाख अक्षरांपेक्षा लहान फट नजरेत भरत नाही. 'गुणसूत्रं नॉर्मल आहेत' असा जुना कागद हातात असेल तर तो कोणत्या तपासणीचा आहे ते आधी बघा. फिश तपासणीत त्या नेमक्या जागेला चिकटणारा रंगीत ठिपका वापरतात. दोनाऐवजी एकच ठिपका दिसला तर तुकडा गायब आहे. पण ठिपका ए आणि बीच्या मधल्या भागात बसतो, त्यामुळे बी ते डी किंवा सी ते डी गेलेला असेल तर फिश निर्दोष येते. एमएलपीए आणि क्रोमोझोमल मायक्रोअ‍ॅरे या जास्त बारकाईच्या जनुकीय तपासण्यांतून ते सुटत नाही. मायक्रोअ‍ॅरेचा रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी शोधा. '22क्यू11.21' या पत्त्यापुढे '×1' असेल तर दोनाऐवजी एकच प्रत आहे. '×3' असेल तर तो उलटा प्रकार, डुप्लिकेशन, आणि त्याची कहाणी वेगळी. दुसरं, कंसातले आकडे जीनोम नकाशाच्या आवृत्तीनुसार बदलतात. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत म्हणून घाबरण्याआधी आवृत्ती बघावी.

एकाच जागेचे सगळे भाडेकरू

हृदय, टाळू, थायमस आणि पॅराथायरॉइड यांचा एकमेकांशी काय संबंध? गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना गळ्याच्या जागी कमानी आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. तिसऱ्या आणि चौथ्या खाचेतून थायमस आणि पॅराथायरॉइड घडतात, कमानींतून टाळूचे आणि चेहऱ्याचे स्नायू, आणि त्याच भागातून हृदयाबाहेर पडणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची मांडणी ठरते. टीबीएक्स1 हे हरवलेल्या तुकड्यातलं जनुक तिथे मुकादमाचं काम करतं. त्याची एक प्रत कमी पडली की त्या जागेची सगळीच बांधकामं थोडी-थोडी अर्धवट राहतात.

म्हणूनच हृदयाच्या काही दोषांत 22क्यू शोधलाच पाहिजे. महाधमनीची कमान मध्येच तुटलेली असली, विशेषतः बी प्रकारात, तर जवळपास निम्म्या बाळांत हे डिलीशन सापडतं. ट्रंकस आर्टेरिओससमध्ये (हृदयातून दोनाऐवजी एकच मोठी रक्तवाहिनी निघणं) तीनात एक, फॅलोटच्या टेट्रालॉजीत (हृदयातले चार दोष एकत्र) सातात एक, असं ढोबळ प्रमाण. इको 'नॉर्मल' आला तरी श्वास घेताना घरघर किंवा घास अडकणं असेल तर कमानीची वेढी, म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिकेला रक्तवाहिनीने घातलेला वेढा, वेगळी शोधावी लागते. साध्या इकोत ती सहज निसटते.

कॅल्शियम

पॅराथायरॉइड ग्रंथी चार, थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम सावरून धरणं हे त्यांचं काम. 22क्यूच्या निम्म्याहून अधिक माणसांत कधी ना कधी कॅल्शियम घसरतं. एरवी ग्रंथींचं भागतं. ताण आला की त्या अपुऱ्या पडतात. आईकडून येणारा पुरवठा जन्मल्यावर तुटतो, तो पहिला ताण. नंतर ऑपरेशन, मोठं आजारपण, वयात येतानाची झपाट्याची वाढ, गरोदरपण. बाळपणी एकदा सुधारलं म्हणून कॅल्शियमच्या नावावर काट मारलेल्या फाइली पुष्कळ असतात आणि पंधराव्या वर्षी आकडी येते तेव्हा सगळे मेंदूच्या एमआरआयकडे धावतात.

खुणा माहीत असाव्यात. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या, पायात गोळे, मनगट आतल्या बाजूला वळून बोटं एकत्र जुळणं, घसा आवळल्यासारखा आवाज, विनाकारण चिडचिड. बाळात नुसतं थरथरणं, दूध सोडणं किंवा श्वास मध्येच थांबणंही असू शकतं.

रक्त तपासताना फक्त 'कॅल्शियम' असं लिहून भागत नाही. रक्तातलं निम्मं कॅल्शियम मोकळं, म्हणजे आयनाइज्ड असतं आणि खरं काम तेच करतं. बाकीचं बहुतेक अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं. त्यामुळे आयनाइज्ड कॅल्शियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) हे एकाच वेळच्या रक्तात बघायचं. इथे एक चकवा आहे. कॅल्शियम कमी आणि पीटीएच 'नॉर्मल मर्यादेत' असा रिपोर्ट आला की खाली कुठेही लाल अक्षर नसतं. पण कॅल्शियम घसरलं की पीटीएच वर उसळायलाच हवं. ते नॉर्मल राहिलं याचाच अर्थ ग्रंथी उत्तर देत नाही. मॅग्नेशियम विसरू नये. ते फार कमी असेल तर कितीही कॅल्शियम दिलं तरी आकडा वर येत नाही.

आता रडणाऱ्या बाळाकडे जवळून बघा. सुई टोचायच्या आधीपासून ते दहा मिनिटं आक्रोश करतंय. प्रत्येक किंकाळीबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्त थोडं अल्कधर्मी होतं आणि अल्ब्युमिन आणखी कॅल्शियम धरून ठेवतं. एकूण कॅल्शियम तेवढंच, मोकळं मात्र घटलेलं. काठावरच्या बाळाचे हात याच क्षणी वळतात. म्हणजे रडण्याने आकडा थोडा खाली येतो हे खरं, पण तो खोटा असतो असं नाही. नमुना मात्र हवा न लागू देता, बंद सिरिंजमध्ये लगेच तपासायला हवा. उघडा पडून राहिला तर आम्लता बदलते आणि आकडाही. सिरिंजमध्ये हेपारिन जास्त झालं तरी कॅल्शियम कमी दाखवतं.

कॅल्शियममुळे आलेल्या आकडीवर नेहमीची औषधं नीट चालत नाहीत. वर फिनोबार्बिटल किंवा फेनिटॉइन दीर्घकाळ दिलं तर ती ड जीवनसत्त्व लवकर संपवतात आणि मूळ दुखणं वाढतं. रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू, ईसीजीवर नजर ठेवून देतात. ते शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते, त्यामुळे सुईची जागा सुजते आहे का हे पालकांनीही बघत राहावं आणि लगेच सांगावं.

घरी चालू राहणारं औषध म्हणजे कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचं तयार रूप). इथे जास्तीचा उत्साह नडतो. पीटीएच कमी असलं की मूत्रपिंड कॅल्शियम परत ओढून घेत नाही. रक्तात आकडा मधोमध आणला तर लघवीतून भरमसाट वाहून जातं आणि मूत्रपिंडात चुन्यासारखं साठतं. म्हणून लक्ष्य खालच्या नॉर्मलच्या आसपास ठेवतात, लघवीतलं कॅल्शियम-क्रिएटिनिन प्रमाण मोजतात आणि सोनोग्राफी करतात. थायरॉइडची गोळी चालू असेल (या मुलांत ती पुष्कळदा असते) तर ती आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी पोटातच अडकते. तहान, बद्धकोष्ठ आणि उलट्या एकदम वाढल्या तर कॅल्शियम कमी नव्हे, जास्त झालंय का ते बघायचं. आकडे लिहून ठेवताना एकक लिहा: एक मिलिमोल प्रति लिटर म्हणजे चार मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एकक न लिहिलेला '2.1' हा आकडा घरच्यांना नॉर्मल वाटतो की भयानक, हे नशिबावर.

तपासणी किती वेळा? पहिल्या वर्षात तीन ते सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा, आणि प्रत्येक ऑपरेशनच्या आधी व नंतर. आकडी आली तर न विचारता.

रक्ताची पिशवी आणि लसी

थायमस म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशींची शाळा. 22क्यूच्या बहुतेक बाळांत ती लहान असते, पटसंख्या कमी भरते, पण शाळा चालू असते आणि पहिल्या एक-दोन वर्षांत बरीच सुधारते. अजिबात थायमस नसलेली बाळं शंभरात एकही नाही. त्यांच्यासाठी थायमसच्या ऊतींचं रोपण हा उपाय आहे. अमेरिकेत 2021 साली त्याला अधिकृत मान्यता मिळाली.

पण हृदयाच्या ऑपरेशनच्या दिवशी बाळ कोणत्या गटात आहे हे बऱ्याचदा ठरलेलं नसतं. दात्याच्या रक्तात जिवंत लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, असतात. एरवी आपलं शरीर त्यांना संपवतं. टी पेशीच नसतील तर त्या पाहुण्या पेशी घर बळकावतात आणि यजमानाच्या शरीरावर हल्ला करतात. हा प्रकार जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. म्हणून टी पेशींचा आकडा हातात येईपर्यंत रक्त इरॅडिएटेड, म्हणजे किरणं देऊन लिम्फोसाइट निकामी केलेलं, आणि सीएमव्ही या विषाणूपासून मुक्त मागवतात. यासाठी रक्तपेढीला आधी सांगावं लागतं. शिवाय किरणं दिल्यावर पिशवी ठेवली की लाल पेशींतून पोटॅशियम बाहेर झिरपतं. तान्ह्या बाळाला भरपूर रक्त लागणार असेल तर ते किरणं दिल्या दिल्या वापरायचं, आठवडाभर आधी तयार करून ठेवायचं नाही. आणि पिशवीतलं सायट्रेट मोकळं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणजे इथे पुन्हा कॅल्शियम आलं. भूलतज्ज्ञाला या दोन्ही गोष्टी एका दमात सांगा.

एक जाता जाता: छाती उघडल्यावर हृदयापर्यंत जाण्यासाठी शल्यविशारद थायमस बाजूला करतो. तिथे काही सापडलंच नाही तर तीच निदानाची पहिली खूण असते.

लसींबाबत दोन टोकं दिसतात. कुणी सगळ्याच लसी थांबवतं, कुणी काहीच न बघता देतं. निष्क्रिय लसी वेळेवर द्यायच्याच. जिवंत लसी, म्हणजे बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, रोटाव्हायरस, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यांच्याआधी टी पेशी मोजायच्या. गोवराची लस आपल्याकडे नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, म्हणून त्याआधी तपासणी पुन्हा करावी. आकडे ठीक असतील तर बहुसंख्य मुलांना या लसी देता येतात आणि द्याव्यातही. खरा गोवर लसीपेक्षा कितीतरी वाईट.

दूध, टाळू आणि 'पापा'

मागचा टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो तेव्हा घास खाली जातो आणि शब्द तोंडातून येतो. 22क्यूत टाळू आखूड, कमजोर किंवा आतून चिरलेला असतो. ही आतली चीर वरच्या त्वचेखाली लपते. पडजिभेला फट, टाळूच्या मधोमध निळसर पारदर्शक रेघ, आणि कठीण टाळूच्या मागच्या कडेला बोटाला लागणारी खाच, या तीन खुणा. 'टाळू बघितला, ठीक आहे' यात बोट फिरवलेलं नसेल तर तपासणी अर्धवट.

बाळाला बसतं धरून पाजावं, बूच संथ प्रवाहाचं घ्यावं, दर चार-पाच घोटांनी थांबावं. नाकातून दूध येणं दिसायला भीतिदायक असलं तरी बहुधा निरुपद्रवी असतं. पाजताना खोकला, निळसरपणा, ओला घरघराट आणि वारंवार न्यूमोनिया ही मात्र दूध फुप्फुसात जात असल्याची लक्षणं. तेव्हा व्हिडिओफ्लुरोस्कोपी करून गिळणं बघतात आणि काही काळ नळीने दूध द्यावं लागतं. बद्धकोष्ठ वेळेवर सोडवलं तर भूक आणि उलटी दोन्ही सुधारतात, हे पटायला वेळ लागतो.

बोलायला लागल्यावर घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी आहे. छोटा थंड आरसा मुलाच्या नाकाखाली धरा आणि त्याला 'पापा', 'बाबा', 'टोपी द्या' म्हणायला लावा. प, ब, ट, द म्हणताना नाकातून हवा यायला नको. आरसा धुरकटला तर टाळूची झडप गळते आहे. मग 'मामा', 'नाना' म्हणू द्या. इथे आरसा धुरकटणारच, म आणि न नाकातूनच येतात. याला निदान म्हणत नाहीत, पण वाचातज्ज्ञाकडे जायला एवढं कारण पुरे.

झडप गळते तेव्हा मूल स्वतःची पळवाट काढतं. तोंडात दाब साठत नाही म्हणून क, ट, प यांच्या जागी ते गळ्यात झटका देतं. 'काका' ऐकायला 'आआ' येतं, मध्ये उचकीसारखा खंड. ही सवय ऑपरेशनने जात नाही, ती शिकवून मोडावी लागते आणि जितकी लवकर तितकी बरी. फुंकर मारणं, फुगे फुगवणं, शिट्टी वाजवणं यांवर वर्षं घालवू नका. फुंकताना टाळू ज्या रीतीने हलतो त्याचा बोलण्याशी संबंध नाही. व्यायाम उच्चाराचाच हवा. दोन-अडीच वर्षांपर्यंत शब्द नसतील तर खुणा आणि चित्रं बेलाशक वापरा. खुणांमुळे बोलणं लांबतं ही भीती निराधार आहे. या मुलांना समजतं पुष्कळ, सांगता येत नाही म्हणून ती आदळआपट करतात.

टाळूच्या ऑपरेशनचा निर्णय साधारण चार वर्षांच्या आसपास, मूल वाक्यं बोलून दाखवेल आणि नाकातली दुर्बीण सहन करेल तेव्हा घेतात. त्याआधी दोन धोक्यांच्या पाट्या. पहिली अडेनॉइड. नाकामागची ही गाठ आखूड टाळूला टेकायला उशी देत असते. कान भरतात, घोरतो म्हणून ती सरसकट काढली की काल बरं बोलणारं मूल आज गेंगाणं होतं. श्वास खरोखर अडत असेल तर काढावी लागते, पण टाळू तपासून आणि शक्यतो अर्धवट. दुसरी पाटी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमनीची. 22क्यूत ती कधी कधी घशाच्या मागच्या भिंतीत मधोमध सरकलेली असते, नेमकी जिथून टाळूला जोडायची पट्टी उचलतात तिथे. दुर्बिणीत त्या जागी ठोका दिसतो. स्कॅन करून तिची वाट आधी आखून घेतात. पट्टी शिवल्यावर घोरणं आणि झोपेत श्वास थांबणं वाढू शकतं, म्हणून आधी आणि नंतर झोपेची तपासणी.

बाकीचं थोडक्यात. मूत्रपिंडाची सोनोग्राफी एकदा हवीच, कारण काहींना एकच मूत्रपिंड असतं. ऐकू येतं का हे दर सहा-बारा महिन्यांनी. कानात द्रव साठला तर वाचा आणखी मागे पडते. मानेच्या मणक्यांचा, मान पुढे-मागे वाकवून काढलेला एक्स-रे साधारण चार वर्षांनंतर, विशेषतः भूल देण्याआधी. दातांचं इनॅमल कमजोर असतं आणि हृदयाच्या मुलाला किडका दात परवडत नाही. रात्री पाय दुखतात, ते खरं असतं. किशोरवयात पाठीचा कणा वाकतोय का ते बघत राहावं.

शाळा आणि डोकं

पहिली-दुसरीत ही मुलं बरेचदा फसवतात, चांगल्या अर्थाने. पाढे पाठ, कविता पाठ, वाचन अस्खलित. तिसरी-चौथीला गणितात 'म्हणून' आणि 'जर' यायला लागले की गाडी अडते. पाठांतर चांगलं, पण अमूर्त विचार, जागेचा अंदाज आणि एका वेळी दोन-तीन गोष्टी डोक्यात धरणं अवघड. वाचतं छान म्हणून समजलंही असेल असं शिक्षक धरून चालतात. परिच्छेद वाचून झाल्यावर 'मग काय झालं?' विचारा. उपाय साधे आहेत: एका वेळी एकच सूचना, पायऱ्या कागदावर, गणित खऱ्या नाण्यांनी आणि घड्याळाने, आणि 'आळशी आहे' हा शेरा कायमचा बंद. शाळेत न दिसणारा थकवा घरी आल्यावर रडारडीत निघतो.

मनाच्या आजारांविषयी पालकांना सांगायचं टाळतात, ते चूक. चिंता आणि लक्ष न लागणं लहानपणापासून दिसतं. मोठेपणी साधारण चौघांत एकाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. सुरुवात आवाज ऐकू येण्याने होत नाही. आधी गुण घसरतात, मित्र तुटतात, झोप उलटी होते, अंघोळ-केस यांकडे दुर्लक्ष होतं. काही महिने असं चाललं तर वाट बघू नये. त्याआधी कॅल्शियम आणि थायरॉइड मात्र तपासा, कारण दोन्ही बिघडले तर तीच चिडचिड आणि तीच सुस्ती दिसते. औषधं इतरांसारखीच काम करतात; क्लोझापिन असेल तर आकडीचा धोका धरून मात्रा हळू वाढवतात.

आता ते पहिलं पान

एकच पान, मोठ्या अक्षरात, प्लास्टिकच्या कव्हरात, फाइलच्या सगळ्यात वर, आणि त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. वर नाव, जन्मतारीख, रक्तगट. मग ठळक: 22क्यू11.2 डिलीशन, कोणत्या तपासणीने, कोणत्या दिवशी. खाली ओळी अशा: आकडी आली तर आधी आयनाइज्ड कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. रक्त इरॅडिएटेड आणि सीएमव्ही-मुक्त (किंवा 'टी पेशी नॉर्मल, गरज नाही', तारखेसह). जिवंत लसी: दिल्या की थांबवल्या. अडेनॉइड टाळू तपासल्याशिवाय काढू नये. भूल देताना: श्वासनलिका अरुंद असू शकते, नळी लहान तयार ठेवा, मानेचा एक्स-रे अमुक तारखेचा. हृदयाचं ऑपरेशन कोणतं, शेवटचा इको कधी. मूत्रपिंडं किती. चालू औषधं मात्रेसह. शेवटच्या तीन कॅल्शियमचे आकडे एककासह.

प्लेटलेटची एक ओळ शेवटी घाला. हरवलेल्या तुकड्यात जीपी1बीबी हे प्लेटलेटच्या आवरणाचं जनुकही असतं, त्यामुळे प्लेटलेट संख्येने थोड्या कमी आणि आकाराने मोठ्या असतात; ऑपरेशनआधी कुणीतरी तो आकडा बघून दचकतोच. मुलाचा नेहमीचा आकडा तिथे लिहिलेला असला म्हणजे शल्यविशारदाला कळतं की आजचा आकडा नवीन आहे की जुनाच.